अकरा घरांची चटणी

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेली चिनी मातीची बरणी. तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं, म्हणजे दादरा, सोडणारे हात.]

ही बरणी माझ्या सासूबाईंची. पाच किलो चटणी सहज मावते हिच्यात. आमच्या सांगलीत चटणी म्हटलं की वर्षाची लाल चटणी. पुण्या-मुंबईकडं हिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आमटीत हीच, भाजीत हीच, आणि घरात काहीच नसलं तर भाकरीवर तेल घालून हीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ही बरणी पुराच्या पाण्यात बुडाली. नंतर ती भरली ती अकरा घरांच्या चटणीनं. त्या अकरांपैकी बहुतेकांना मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

[दृश्य: ओट्यावर कुकर. नळाखाली धुतली जाणारी रिंग.]

सुरुवात कुकरच्या रिंगेपासून झाली. मुलांच्या शिकवणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी कुणीतरी विचारलं, "कुकरला वाफच धरत नाही, डब्याची वेळ झालीय, काय करू?" दोन मिनिटांत उत्तर आलं, "रिंग जरा वेळ फ्रीजरात ठेव की." गार झालं की रबर थोडं आवळतं आणि झाकणाला धरून बसतं. तेवढ्यावर चार दिवस निघतात, तोवर बाजारातून नवी रिंग आणायची. त्या दिवशी डबा वेळेवर गेला. संध्याकाळी तिनं चाटूनपुसून रिकाम्या झालेल्या डब्याचा फोटो टाकला.

शिकवणी संपली, तो ग्रुपही बंद झाला. पण त्या फोटोखाली बोलत बसलेल्या आम्ही सहा जणी एकमेकींना सोडायला तयार नव्हतो. मग कुणाची जाऊ आली, कुणाची नणंद, कुणाच्या ओळखीचं कोण. असे आम्ही चौदा जण झालो.

माझ्या फोनमध्ये ही माणसं गावानं आहेत. विश्रामबागच्या काकू. जतच्या आक्का. तासगावची ताई, ती शाळेत विज्ञान शिकवते. सांगलीवाडीच्या वहिनी. मिरजेच्या वहिनी, आणि लातूरला दिलेली त्यांची धाकटी बहीण. पुरुष एकच, कुपवाडचे दादा. दादा औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. त्यांच्या घरच्या वहिनींची दवाखान्यात रात्रपाळी, त्यामुळं सकाळचा स्वयंपाक दादांकडं.

[दृश्य: पहाटेचा अंधार. एका खिडकीत दिवा लागतो, मग दुसऱ्या.]

आम्ही बोलतो ते असलंच. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसलाय. ताई सांगते, जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटून भांड्याला धरतो. पाण्यात लिंबूसत्व घालून ठेव, फसफसून निघेल. भडंग आषाढात मऊ पडलं. काकू म्हणतात, चुरमुरे आधी कढईत मंद आचेवर कोरडे परता, हाताला कुरकुरीत लागले की मगच फोडणीत घाला. डिसेंबरात इडलीचं पीठ फुगलं नाही, तर सकाळी सहा वाजता ते सांगायचं कुणाला? घरात सगळे झोपलेले. जतच्या आक्का मात्र जाग्या असतात.

आक्कांनी आणि दादांनी मिळून आम्हाला एक सकाळ दिली, ती इथं सांगायलाच हवी.

दादांची ज्वारीची भाकरी थापताना तुटायची. कडा फाटायच्या, तव्यावर टाकायला उचलली की हातात दोन तुकडे. लेकीला डब्यात भाकरीच हवी असायची. दादा रोज त्या फाटक्या भाकरीचा फोटो टाकायचे, खाली एक शब्द लिहायचे नाहीत. आठ दिवस आक्का नुसत्या बघत होत्या. मग त्यांचा आवाजच आला, "दादा, पीठ कवाचं हाय? विरी गेलीया त्येची. जुनं पीठ थापाय येत न्हाई बगा."

विरी. मला तो शब्द माहीत होता, पण कित्येक वर्षं कानावर पडला नव्हता. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. जो काही धरून ठेवण्याचा गुण असतो तो ताज्या पिठात, आणि तोही उकळतं पाणी घालून मळलं तर. दळण महिनाभर डब्यात पडून राहिलं की विरी जाते. मग कितीही चांगला हात असला तरी भाकरी तुटते. दादांनी त्याच दिवशी अर्धा किलो शाळू दळून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोटो आला: तव्यावरून काढून विस्तवावर टाकलेली भाकरी, फुग्यासारखी टम्म, एका कडेला वाफेचं बारीक भोक. त्या सकाळी चौदा घरांत चहा उतू गेला असेल, कारण आम्ही सगळे फोनवर होतो. आक्कांनी लिहिलं, "आता जमलं."

लातूरच्या बहिणीचा एक निरोपही मी जपून ठेवलाय. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जायला लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. तिनं आपल्या मिरजेच्या थोरल्या बहिणीला लिहिलं, "ताई, माहेरचं पाणी आलं गं." त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही पाण्याची तक्रार केली नाही.

[दृश्य: गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. सुपात देठ खुडणाऱ्या बायका.]

मार्च लागला की बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरायला लागतं. मिरची काय भावानं मिळाली? ब्याडगी किती, लवंगी किती? ब्याडगीनं रंग येतो, पण तिखटपणा बेताचा. लवंगी किंवा गुंटूर घातली की ठसका येतो. कुणी संकेश्वरीवाचून हात लावत नाही. मिरच्यांचे देठ खुडायचे, कडकडीत ऊन द्यायचं. धने, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेसर, दालचिनी, हळकुंडं, हिंगाचे खडे, सगळं वेगवेगळं तेलावर भाजायचं. लसूण सोलून सोलून नखं दुखायला लागतात.

आणि कांदा. चटणी टिकणार की नाही हे कांदा ठरवतो. तो उभा चिरून उन्हात वाळवायचा, मग तेलात खरपूस तळायचा. ओल राहिली की आषाढापर्यंत चटणीत गठ्ठे होतात आणि वर बुरशी धरते. एका वर्षी काकूंना घाई झाली, लेकीचं बाळंतपण होतं. कांदा दोनच दिवस वाळवला. जुलैमध्ये बरणी उघडली तर वर पांढरी साय. त्यांनी ते आम्हाला सांगितलं तेव्हा मुलींनाही अजून सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं चटणी करणाऱ्या बाईला हे कबूल करायला किती जड गेलं असेल!

मग डंक, म्हणजे चटणी कुटायची गिरणी. मोठ्या लोखंडी मुसळांचा तो धबधब आवाज, पदरानं बांधलेलं नाक, डोळ्यांतून पाणी, आणि आपला घाणा येईपर्यंत दोन-दोन तास बाकड्यावर बसणं. तिथून एकेकीचे फोटो येतात. सगळ्यांची तोंडं झाकलेली, त्यामुळं कोण कशी दिसते ते कळतच नाही. कुटून आलेली चटणी परातीत पसरून निववायची, बरणीत दाबून भरायची, मध्ये हिंगाचा खडा, वर मिठाचा थर, आणि दादरा बांधायचा.

[दृश्य: आयर्विन पुलाखालची कृष्णा. खांबावरच्या फुटांच्या खुणा.]

पावसाळ्यात सांगलीत ख्यालीखुशाली विचारायची रीत बदलते. "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. १९२९ सालचा हा पूल आमची मोजपट्टी आहे. ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. कुणाच्या दारात कितव्या फुटाला पाणी येतं हे ज्याचं त्याला पाठ असतं.

माझं घर गावभागात, तळमजल्यावर. २००५ च्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर होती, सासऱ्यांनी खिळ्यानं कोरलेली. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही सगळं सामान त्या रेघेच्या वर नेलं. बरणी रेघेच्या हातभर वरच्या फळीवर ठेवली. गावात पुष्कळांनी असंच केलं. २००५ पेक्षा जास्त पाणी येईल असं कुणाच्या मनात आलंच नाही. ते आलं. आयर्विनला ५७ फुटांवर गेलं.

आम्ही निघालो ते विश्रामबागला, काकूंच्या घरी. तिकडं पाणी नव्हतं. मी ओल्या साडीत, कडेवर पिशव्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा काकूंना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नाव विचारलं नाही. माझ्या मुलाला हात धरून आत नेलं आणि म्हणाल्या, "मुगाची खिचडी केलीय, लसणाची फोडणी घातलेली. आवडते ना तुला?" हे मी त्यांना कधीतरी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, त्याला ताप आला होता तेव्हा. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले.

पाणी उतरल्यावर घरी आलो. गुडघाभर गाळ. फ्रीज आडवा पडलेला, कपाटाची दारं फुगून उघडत नव्हती, गाद्या उचलायला चार माणसं लागली. पंचनाम्याच्या कागदावर ते सगळं लिहून घेतलं गेलं. फळी कोसळली होती, पण बरणी गाळात रुतून शाबूत राहिली होती. दादरा सोडला तर आत मातकट पाणी. चार महिन्यांपूर्वी कुटून आणलेली चटणी मी अंगणातल्या त्या गाळातच ओतली. कागदावर तिला रकाना नव्हता, आणि मी सांगितलंही नाही. फ्रीजचं, गादीचं ग्रुपवर मी काही लिहू शकले नव्हते, हातच चालत नव्हता. त्या संध्याकाळी मात्र लिहिलं, "चटणी गेली."

कुणी काही मोठं बोललं नाही. आक्कांनी विचारलं, "बरणी हाय का?"

मी लिहिलं, "आहे."

"मग धुवा."

[दृश्य: ओट्यावर ओळीनं मांडलेल्या लहान पुड्या.]

सोड्याच्या उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली. ऊन पडेल तसं आठ दिवस ऊन दाखवलं. चौदा जणांतल्या तिघींची घरं पाण्यात गेली होती: मी, सांगलीवाडीच्या वहिनी, आणि आणखी एक. उरली अकरा घरं. त्या अकरा घरांनी आपापल्या बरणीतून तीन-तीन पुड्या काढल्या. जतची एसटीनं आली, तासगावची ताईनं स्वतः आणली, दादा मोटारसायकलवर येऊन देऊन गेले. लातूरहून चटणीबरोबर येसूर, म्हणजे मराठवाड्याकडचा आमटीचा मसालाही आला, वेगळ्या डबीत.

त्या पुड्या मी एकत्र कालवल्या नाहीत. थरावर थर भरल्या. काकूंची खोबऱ्यानं मऊ आणि केशरी. मिरजेची गडद. दादांची भरड, कारण त्यांनी ती मिक्सरवर केली होती, आणि लसूण सढळ. सगळ्यांत वर आक्कांची, काळपट लाल, नुसत्या वासानं ठसका लागेल अशी. वर्षभर चमचा जसजसा खाली गेला तसतशी आमटीची चव बदलत गेली. माझा मुलगा पहिल्या घासाला ओळखायचा, "आज दादाकाकांची आहे."

पुढच्या वर्षी हंगामातच टाळेबंदी लागली. डंक बंद. सगळ्यांनी मिक्सरवर थोडी थोडी करून चटणी काढली. भांडं तापलं की थांबायचं, नाहीतर मिरचीला तेल सुटतं आणि मोटर जळते. हे सगळं दादा शिकवत होते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या आसपास चढलं. त्या वेळी घरातून सगळ्यांत आधी बाहेर पडली ती ही बरणी. काकूंच्या माळ्यावर जाऊन बसली.

[दृश्य: यंदाची चटणी. परातीतून बरणीत पडणारी पहिली मूठ.]

माझी चटणी आता मी स्वतःच करते. पण बरणी पूर्ण भरत नाही, वर चार बोटं जागा ठेवते. दर एप्रिलला त्या जागेत कुणाची ना कुणाची तरी पुडी येते. यंदा आक्कांची पाळी. निरोप काल रात्री आला. आवाज आता जरा थकलाय.

"एसटीच्या कंडक्टरजवळ दिलीया पुडी. सकाळी स्टँडावर जा. अन् औंदा लवंगी जादा पडलीया, पोराला बेतानं वाढा."