टाकळ्याची बी, सोन्याची सळई

[दृश्य: जुलै महिना. कोकणातला ओला डांबरी रस्ता. दोन्ही कडांना गुडघाभर टाकळा.]

पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की कोकणात रस्त्याच्या कडेला, पडीक खाचरात, गोठ्यामागे टाकळा उगवतो. कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात, गोव्यात तायखिळो. कोवळा पाला खुडायचा, कांद्यावर परतायचा, वरून ओलं खोबरं. फणसाच्या आठळ्या उरल्या असतील तर त्याही घालायच्या. पुढे पानं राठ होतात आणि टाकळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पिवळी फुलं येतात, बारीक वाकड्या शेंगा धरतात, वाळून तडकतात. आत तपकिरी, चकचकीत, दोन्ही टोकांना तिरक्या कापल्यासारख्या बिया.

संस्कृतात टाकळ्याचं एक नाव आहे दद्रुघ्न. दद्रू म्हणजे गजकर्ण. आपल्या आजीबाईच्या बटव्यात या बिया मुख्यतः कातडीसाठी होत्या.

[दृश्य: चिनी औषधांचं दुकान. भिंतभर लाकडी खण. तराजू. कागदावर ओतलेल्या तपकिरी बिया.]

आता याच बिया चीनमध्ये बघा. टाकळ्याच्या, किंवा त्याच्या सख्ख्या भावाच्या. तिथलं अधिकृत औषधशास्त्र दोन्ही जाती चालवून घेतं. खणावर नाव आहे ज्युएमिंग. मिंग म्हणजे उजेड, स्वच्छ दिसणं. नावातच डोळा आहे. चीनच्या सगळ्यात जुन्या औषधी कोशात, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, ही बी वरच्या प्रतीच्या औषधांत नोंदलेली आहे, आणि तिच्यापुढे दुखण्यांची यादी आहे: डोळे लाल होणं, पाणी गळणं, बुबुळावर पांढरा पडदा येणं, बाहेरून डोळा धड दिसत असूनही नजर जाणं. लोक ही बी भाजून चहासारखी उकळतात. उशीत भरून तिच्यावर झोपतातही. जास्त प्यायली तर पोट ढिलं होतं, कारण ती सोनामुखीच्या गोतातली आहे. हा परिणाम मात्र सिद्ध करायला कुठल्या प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

[दृश्य: जुन्या वैद्यकग्रंथातलं डोळ्याचं रेखाचित्र. वर्तुळात वर्तुळ.]

चिनी वैद्याकडे डोळ्याची तक्रार घेऊन गेलात तर तो आधी जीभ बघेल, मग नाडी. डोळा नंतर. त्याच्या लेखी डोळा हे यकृताचं दार आहे. यकृताला रक्त मिळालं की माणसाला दिसतं, असं त्यांचा मूळ ग्रंथ सांगतो. पुढे या कल्पनेचा अख्खा नकाशा तयार झाला. पापण्या प्लीहेच्या, डोळ्यांचे कोपरे हृदयाचे, पांढरा भाग फुफ्फुसाचा, बुबुळ यकृताचं आणि मधली बाहुली मूत्रपिंडाची. पाच चाकं, एकात एक.

शरीररचनेच्या हिशेबाने हा नकाशा चूक आहे. पण चुकीच्या नकाशावरून चालणाऱ्यालाही कधीकधी बरोबर गाव लागतं. सातव्या शतकातला सुन सिम्याव हा मोठा वैद्य. संध्याकाळ झाली की ज्यांना दिसेनासं होतं, त्यांच्या आजाराला चिनी भाषेत 'चिमणीचे डोळे' म्हणत, कारण तिन्हीसांजेला चिमणीलाही दिसत नाही. यावर सुन सिम्यावच्या परंपरेतला उपाय म्हणजे जनावराची कलेजी खायला द्यायची. यकृताचा विकार, म्हणून यकृत. तर्क भाबडा होता, आणि रोगी बरे होत होते. रातांधळेपणा हा बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतो आणि कलेजीत ते ठासून भरलेलं असतं. हे जीवनसत्त्व सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

[दृश्य: रात्र. कागदावर ब्रश. दिव्याची ज्योत थरथरते.]

या सगळ्या गोष्टीत आमचा आवडता रोगी एक कवी आहे. नाव बाई ज्यूयी. बाई हे आडनाव, आणि आपल्या 'बाई'शी त्याचा काही संबंध नाही. जन्म 772, मृत्यू 846. तांग राजवटीतला बडा अधिकारी, आणि त्याच्या कविता दुकानांच्या, विहारांच्या भिंतींवर लिहिल्या जात इतका लोकप्रिय. डोळ्यांनी मात्र त्याला छळलं. आपल्या दुखण्यावर त्याने दोन कविता लिहिल्या आहेत. पहिलीत तो लक्षणं सांगतो. हवेत बर्फाचे हजार कण उडताना दिसतात. प्रत्येक वस्तूवर झिरझिरीत कापड पसरलंय. लख्ख ऊन पडलं तरी धुकं, आणि वसंत नसतानाही डोळ्यांपुढे फुलं. आजच्या नेत्रतज्ज्ञाने हे ऐकलं तर तो अर्ध्या मिनिटात म्हणेल, मोतीबिंदू दिसतोय, आणि पडद्यासमोर तरंगणारे ठिपकेही. दुसऱ्या कवितेत वैद्य त्याला सांगतात, दारू सोड. साधू मित्र सांगतात, नोकरी सोड.

त्याच कवितेत पुढे टेबल दिसतं. त्यावर एक ग्रंथ उघडा पडलाय: नागार्जुनाच्या नावावरचं नेत्रशास्त्र. बाजूला डबी, डबीत ज्युएमिंगच्या गोळ्या. म्हणजे आपल्या टाकळ्याच्या. तो गोळी चिमटीत धरून फिरवतो आणि म्हणतो, सगळं व्यर्थ. माणसांच्या औषधांनी आता काही व्हायचं नाही. सोन्याची सळई मिळवून एकदा खरवडून बघता आलं असतं तर!

ही सळई भारतातून आली होती.

[दृश्य: ताम्रपटासारख्या पार्श्वभूमीवर शस्त्रांची रेखाचित्रं. जवाच्या टोकाची सळई.]

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूची ही शस्त्रक्रिया वर्णन केलेली आहे. सळईचं टोक जवाच्या दाण्यासारखं. उजवा डोळा असेल तर वैद्याने डावा हात वापरायचा, डावा असेल तर उजवा. बुबुळाच्या बाजूने आत शिरायचं आणि गढूळ झालेलं भिंग ढकलून खाली पाडायचं. भिंग काढत नाहीत, वाटेतून बाजूला करतात. उजेड आत येतो. मग डोळ्यावर स्त्रीचं दूध शिंपडायचं, तुपात भिजवलेला कापूस, पट्टी. बौद्ध भिक्षूंबरोबर ही विद्या चीनला गेली. बाई ज्यूयीचा समवयस्क मित्र, कवी ल्यू युशी, याने तर एका ब्राह्मण भिक्षू-नेत्रवैद्याला उद्देशून कविता केली आहे. मध्यम वयातच आपण म्हातारे झालो, लाल रंग हिरवा दिसतो, ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, अशी गाऱ्हाणी त्यात आहेत, आणि शेवटी विचारणा: तुमच्याजवळ ती सोन्याच्या सळईची कला आहे ना?

त्या सळईचं फार कौतुकही करू नये. भिंगाशिवायचा डोळा जाड चष्म्याविना धूसरच बघतो, आणि चष्मा तेव्हा नव्हता. जंतू शिरले की डोळाच जायचा. पण मोतीबिंदू हा गढूळ झालेल्या भिंगाचा आजार आहे. उकळलेल्या अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हा पारदर्शक होत नाही, तसं ते भिंगही होत नाही, मग यकृत थंड करा की गरम. हे बाराशे वर्षांपूर्वी एका रोग्याला कळलं होतं. आजही चीनमध्ये आणि आपल्याकडेही 'मोतीबिंदू विरघळवणारे' थेंब विकणारे भेटतात, त्यांना ही कविता कुणीतरी वाचून दाखवावी.

[दृश्य: बीजिंग, 1970 च्या दशकाची आठवण करून देणारी कृष्णधवल छायाचित्रं.]

या सळईचं एक शेपूट फार लांब आहे. जुलै 1975. माओ झेदोंग एक्याऐंशी वर्षांचे. मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, आणि वाचल्याशिवाय या माणसाला चैन नाही. थांग यौझी या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली ती याच जुन्या सुईच्या पद्धतीत आधुनिक सुधारणा करून. सुश्रुताची सळई माओंच्या डोळ्यापर्यंत पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

[दृश्य: निंगश्या. पिवळ्या नदीकाठची शेतं. लाल फळांनी लगडलेली झुडपं.]

मग वनस्पतींचं काय? सगळंच बाद? तसं नाही.

उत्तर चीनमधल्या निंगश्या प्रांतात गोची नावाचं लाल फळ पिकतं. आपल्या बाजारात ते गोजी बेरी म्हणून, सोन्याच्या भावाने मिळतं. वांगी-टोमॅटोच्या कुळातलं. फळ इतकं नाजूक की हातानेच तोडावं लागतं. सूपमध्ये, भाताच्या पेजेत, चहात, शेवंतीच्या वाळलेल्या फुलांबरोबर. चिनी घरांत डोळे शिणले की हे दोन्ही गरम पाण्यात पडतात. त्यात झियाझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं. आपल्या दृष्टिपटलाच्या मधोमध, जिथे सर्वांत बारीक दिसतं, तिथला पिवळा रंग काही अंशी याच द्रव्याचा. ते निळ्या प्रकाशापुढे चाळणीसारखं उभं राहतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने 45 ते 65 वयाच्या 27 निरोगी माणसांवर प्रयोग केला. काहींना आठवड्यातून पाच दिवस 28 ग्रॅम गोजी, इतरांना रंगद्रव्याच्या गोळ्या. नव्वद दिवसांनी गोजी खाणाऱ्यांच्या डोळ्यांत हे रंगद्रव्य वाढलेलं आढळलं. माणसं थोडी, आणि आजारी कुणीच नव्हतं. याचा अर्थ आजार बरा होतो असा घेऊ नये. पण आजीच्या वाटीत काहीतरी होतं, एवढं म्हणता येतं. ज्यांना रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन चालू आहे, त्यांनी मात्र या वाटीपासून लांब राहावं. दोन्ही एकत्र आल्याने रक्त धोकादायक पातळ झाल्याच्या नोंदी आहेत.

डोळे आल्यावर चिनी वैद्य ह्वांगल्येन नावाचं कडूजहर मूळ वापरत. आपण दारुहळदीचं रसांजन वापरायचो. वनस्पती वेगळ्या, रंग सारखाच पिवळाधमक, आणि आतलं द्रव्यही एकच: बर्बेरिन. ते जंतू मारतं. दोन देशांत दोन वेगळ्या झाडांतून माणसं एकाच द्रव्यापर्यंत पोचली. तरीही घरी काढा उकळून डोळ्यात सोडू नका. डोळ्यातला थेंब निर्जंतुक लागतो आणि स्वयंपाकघरातलं पातेलं निर्जंतुक नसतं.

[दृश्य: गोळ्यांची बाटली. लेबल अस्पष्ट.]

आता जरा कडू भाग. लोंगदान श्येगान नावाच्या गोळ्या. यकृतातली आग उतरवणाऱ्या, म्हणून लाल, ठणकणाऱ्या डोळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. कृतीत मुतोंग नावाची एक वेल आहे. पण मुतोंग या नावाने बाजारात एकापेक्षा जास्त वनस्पती विकल्या जात. विसाव्या शतकात मूळ वेलीच्या जागी हळूहळू ग्वान-मुतोंग आली. नाव जवळजवळ तेच, झाड निराळं, आपल्या सापसंदाच्या जातकुळीतलं. त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही करू शकतं. 1993 मध्ये ब्रसेल्सहून धोक्याची घंटा वाजली. तिथे वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या चिनी वनस्पतींमध्ये अशीच नावांची गल्लत झाली होती, आणि शंभराहून जास्त बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. चीनने ग्वान-मुतोंगवर बंदी आणली 2003 मध्ये. दहा वर्षं मध्ये गेली. डोळ्यांची लाली उतरवायला घेतलेल्या गोळीने डायलिसिसवर पोचलेली माणसं त्या दहा वर्षांतही होती. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं कुणी म्हणालं की आम्हाला ही वेल आठवते.

[दृश्य: आजचं चिनी रुग्णालय. नाडी बघणारा हात. मग तपासणीच्या यंत्राला टेकवलेली हनुवटी.]

आज चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांत नाडीही बघतात आणि डोळ्याचा दाबही मोजतात. काचबिंदू निघाला तर दाब उतरवणारे थेंब देतात. काढा दिलाच तर जोडीला. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. चोरपावलांनी कडेकडेची नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे 'सहा महिने काढा घेऊन बघू' हे वाक्य या आजारात सर्वांत महाग पडतं.

[दृश्य: नदी. रात्र. एक होडी, आत एकच दिवा.]

815 साली बाई ज्यूयीची राजधानीतून हकालपट्टी झाली. नेमणुकीच्या गावी तो नदीतून निघाला होता. होडीत दिव्याजवळ बसून तो जिवलग मित्राच्या कवितांची वही वाचत होता. कविता संपल्या, दिवा मंदावला, उजाडायला अजून अवकाश होता. डोळे दुखू लागले, म्हणून त्याने दिवा मालवला आणि तसाच अंधारात बसून राहिला. उलटा वारा सुटला होता. लाटा होडीवर आपटत होत्या, तेवढा आवाज येत होता.