आधी ऑइल मोजा: टोयोटा एमआर-एसचे प्री-कॅट

(दृश्य: दोन सीटची छोटी गाडी, छत उघडं, मागचं झाकण वर.)

ऑक्टोबर 1999 मध्ये जपानमध्ये आलेली ही टोयोटा एमआर-एस. अमेरिकेत हिचं नाव एमआर2 स्पायडर, ब्रिटनमध्ये एमआर2 रोडस्टर. इंजिन सीटच्या मागे आडवं, वजन जेमतेम हजार किलो. वळणावर इतकी हलकी चालणारी गाडी या किमतीत तेव्हाही दुर्मीळ होती. 2007 मध्ये ती बंद झाली. आता उरलेल्या गाड्या टिकवायच्या तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांकडे, बघावं लागतं.

1794 सीसीच्या या 1झेडझेड-एफई इंजिनाला मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा कॅट, आहेच. शिवाय मॅनिफोल्डच्या पोटात दोन छोटे कन्व्हर्टर आहेत, ते प्री-कॅट. कॅटला कामाला लागायला साधारण 250 ते 300 अंश उष्णता लागते. प्री-कॅट इंजिनाला लागून असल्याने गाडी चालू होताच तापतात आणि पहिल्या मिनिटांचा घाणेरडा धूर साफ करतात. पण इंजिनाशी असलेली हीच जवळीक पुढे महागात पडते.

सुरुवातीच्या पिस्टनमध्ये ऑइल रिंगच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या रिंगच्या, मागची भोकं अपुरी होती. खरवडलेलं ऑइल खाली परतत नाही, कार्बन साचतो, रिंग खाचेत चिकटते आणि इंजिन ऑइल खायला लागतं. ते जळतं, त्याची राख प्री-कॅटच्या सिरॅमिक जाळीवर बसते. न जळलेलं ऑइल जाळीतच पेटतं आणि सिरॅमिक अति तापून ठिसूळ होतं, कडेकडेनं झडायला लागतं.

खरा घात यानंतर होतो. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. त्या क्षणी एक्झॉस्टमधला थोडा वायू सिलिंडरमध्ये मागे ओढला जातो आणि त्याच्यासोबत सिरॅमिकची पूडही आत येते. ती सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरसारखी घासते. भिंतीवर ओरखडे पडले की ऑइल आणखी जळतं, जाळी आणखी झडते.

(दृश्य: मॅनिफोल्डच्या वरच्या भागातले दोन ऑक्सिजन सेन्सर.)

तपासायला मॅनिफोल्ड उतरवायची गरज नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सेन्सरच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. मग वरचे दोन्ही सेन्सर काढा. वायर जाण्यासाठी फट असलेला 22 मिलिमीटरचा बॉक्स पाना लागतो. भोकातून टॉर्च मारा, नाहीतर बोअरस्कोप (लवचिक नळीवरचा बारीक कॅमेरा) घाला. जाळी चांगली असेल तर बारीक चौकोन मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सलग दिसतात. कडा कुरतडलेल्या, मध्ये खड्डा, किंवा जाळी एका बाजूला कललेली दिसली, तर गाडी चालवणं त्याच दिवशी थांबवा.

चेक इंजिनच्या दिव्यावर विसंबू नका. दिव्यामागचा पी0420 हा बिघाडाचा कोड कॅटची कार्यक्षमता घसरल्याचा, पण मॅनिफोल्डच्या जोडावर गळती असली तरी तो येऊ शकतो. उलट जाळी झडत असताना दिवा बंदही असू शकतो.

आता स्पार्क प्लग काढा आणि बोअरस्कोपनं सिलिंडरची भिंत बघा. उभे ओरखडे दिसले तर पूड आत गेलीय, मग इंजिन खोलणं किंवा बदलणं आलं. कॉम्प्रेशनही मोजा, किमान 1000 किलोपास्कल हवं. पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते वरच्या दोन रिंगांवर असतं, ऑइल रिंग चिकटलेली असली तरी आकडा उत्तम येतो. म्हणून ऑइल मोजायचं. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरा. 1000 किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा त्या खुणेपर्यंत आणायला किती लागलं ते मापानं घाला. अर्ध्या लीटरवर गेलं, तर नवे प्री-कॅट बसवणं म्हणजे पैसे जाळणं. आधी पिस्टन आणि रिंग.

ब्रिटनमधले अनेक मालक प्री-कॅटची जाळी काढून टाकतात आणि मुख्य कॅट ठेवतात. तो धडधाकट असेल तर वार्षिक एमओटी तपासणीतला धूर बहुधा पास होतो. अमेरिकेत मात्र असं काढणं बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात तर बदली कॅटलाही राज्याची मान्यता लागते.

काढायचंच असेल तर मॅनिफोल्ड उतरवूनच. गाडीवर असताना जाळी फोडली तर चुरा थेट इंजिनाच्या पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या तोंडात, जातो. तोंडावर मास्क हवाच. सिरॅमिकसोबत तिच्याभोवतीची तंतूंची गादीही पूर्ण निघायला हवी. उरलेला प्रत्येक तुकडा पुढे मुख्य कॅटमध्ये अडकतो. त्यामुळे मुख्य कॅटही सोडवून बघा. रबरी हातोड्यानं ठोकल्यावर आत खुळखुळ झाली तर तोही गेलाय. चढावर गाडी ओढत नसेल तर तो चोंदलेला असण्याची शक्यता मोठी.

जोडताना गॅस्केट नवी घ्या. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पुसटसं लावा, टोकाला अजिबात लागू देऊ नका. 3.7 लीटर ऑइल फिल्टरसकट बदला. आणि पहिले दोन हजार किलोमीटर दर पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून बघा.