आजीने दिलेल्या पिशवीला ‘नको’ म्हणू नका

नमस्कार मंडळी! सुट्ट्या जवळ आल्या की एकच प्रश्न येत राहतो, “ताई, मुलांना घेऊन आजी-आजोबांच्या शेतावर चाललोय, त्यांच्यासाठी काय नेऊ?” म्हणून आज बसलेच.

नेण्याचं सोपं आहे. गोळ्या संपल्यात का विचारा, रात्री पाणी पाजायला जातात तर चांगली बॅटरी न्या. आणि आधी फोन करून ‘जेवायला काय करशील’च्या अगोदर ‘रानात काय चाललंय’ विचारा. झालं.

खरी गडबड होते निघताना.

माझं आजोळ वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. ऊस आणि हळद. गाडी सुरू झाली की आजी पिशव्या घेऊन येते. शेंगा, काकवीची बाटली, हळदीचा डबा. आणि आपली माणसं काय म्हणतात? “कशाला आजी, कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं मिळतं.” हे ऐकलं की मला राग येतो. खरंच येतो.

अहो, तो डबा कसा झाला ते बघा. हळदीचे गड्डे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावायचे. पीक आठ-नऊ महिन्यांचं. मग पाला कापायचा, खणायचं, जेठा गड्डा म्हणजे मधला मोठा कंद वेगळा, त्याला फुटलेली हळकुंडं वेगळी. नंतर शिजवायचं, पंधरा दिवसांच्या आसपास उन्हात वाळवायचं, वर पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीची वाळून साधारण किलोभरच उरते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं हेच कष्ट आहेत. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं होती, २००५ च्या महापुरात त्यांची वाताहत झाली. तरी माणसांनी हळद सोडली नाही. एवढं सगळं त्या डब्यात आहे, आणि आपण म्हणतो, दुकानात मिळतं!

आता आजीच्या बाजूनं बघा. तुम्ही येणार कळल्यापासून तिचं चाललेलं असतं. शेंगा निवडून ठेवल्या, शेजारणीकडून डबा परत मागून आणला. दोन दिवस गुडघे दुखत असताना केलं. “न्ये की गं बाय, घरचंच हाय,” असं म्हणते तेव्हा तिला आपल्याकडून एकच हवं असतं, हात पुढं करून घेणं. पैसे खिशात कोंबू नका हो त्याच वेळी! द्यायचेच असतील तर आदल्या दिवशी आबांशी बोला, पाइप फुटलाय का, मोटार दुरुस्त करायचीय का, ते करून द्या.

एका काकांनी लिहिलंय, “ताई, वय झालंय त्यांचं, उगाच त्यांच्यावर भार कशाला?” काका, काळजी रास्त आहे. पण भार कमी करायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत शनिवार-रविवार जोडून जा, तेव्हा हळद काढायची, शिजवायची घाई असते. वाळत घातलेली हळद हलवायला मुलंसुद्धा हात लावतात. मे महिन्यातच गर्दी करून, आंबे खाऊन, वर पिशवी नको म्हणायचं, याला मी काळजी म्हणणार नाही.

आणि तिसरं, मुलं बघत असतात. तुमचं ‘नको’ ऐकून त्यांना वाटतं, आजीच्या हातचं बिनकामाचं आहे. माझ्या लेकीनं हळद वाळताना पाहिली, तर आता वरणात हळद टाकताना ती शेजारच्या पोरांना सांगते, “ही आमच्या आबांनी शिजवलीय.” तिला मी शिकवलं नव्हतं.

“फ्लॅटमध्ये एवढं ठेवायचं कुठं?” असंही बऱ्याच जणी विचारतात. वाटा की! शेंगा मजल्यावर वाटा, काकवी भाकरीबरोबर ऑफिसच्या डब्यात न्या. फक्त पोचल्यावर नुसतं “पोचलो” म्हणून फोन ठेवू नका. कुणी काय खाल्लं, कुणाला काय आवडलं, नावानिशी सांगा. आमची आजी हे गावभर सांगते, “पुण्याच्या बाईनं माझ्या शेंगा मागून घेतल्या” म्हणून.

ओली हळद मिळाली असेल त्यांनी ती धुऊन कोरडी करून ठेवा. लोणच्याचं प्रमाण आजीला विचारलंय, पुढच्या व्हिडिओत तिच्याच पद्धतीनं करून दाखवते.