कालवाचे पहिले दोन दिवस

[वरळी कोळीवाडा. ओहोटी. खडकावर टकटक.]

पाणी मागे सरलंय. मावशी खडकावर उकिडवी बसलीय. कोयतीचा एक टोला, मग टोक फटीत सारून एक पीळ. वरचं झाकण सुटतं. आत ओलं, राखाडी कालव. खडकाला चिकटलेला खालचा शिंपला बघा, खरखरीत, थरावर थर. त्यातला कण न् कण कालवाने समुद्राच्या पाण्यातून वेचलाय.

हेच कालव जन्मतं तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पाण्यात तरंगत असतं, आणि पहिल्या दोन दिवसांतच त्याला पहिलं कवच उभं करावं लागतं. तेही अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर.

आपल्या धुराड्यांतून, गाड्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात तो मुरला की आम्ल तयार होतं, आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. गवंडी भिंत बांधतोय आणि घमेल्यातला चुनाच कुणी उचलून नेतोय. कारखानदारी सुरू होण्याआधी समुद्राचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास होता, आज ८.१. हा आकडा जितका खाली, तितकी आम्लता जास्त. फरक क्षुल्लक वाटतो, पण या मापात त्याचा अर्थ होतो आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढली.

अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास उबवणी केंद्रांत कालवांची पिल्लं टाक्याच्या टाक्या मेली. आधी रोगाचा संशय आला. दोष निघाला खोलातून वर आलेल्या, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या थंड पाण्यात.

दक्षिण महासागरात टेरोपॉड नावाची, पंखांनी पोहणारी इवलीशी गोगलगाय असते. २००८ साली तिथून आणलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर जिवंतपणीच कवचं झिजलेली. मासे, समुद्रपक्षी, देवमासेसुद्धा तिला खातात.

[वर्सोवा. जमिनीवर जवळा, वलांडीवर बोंबील.]

आपल्याकडचं वरचं पाणी उबदार. त्यात हा वायू कमी मुरतो, म्हणून थंड समुद्रांना फटका आधी बसतोय. बोंबील जवळ्यावर पोसतो. जवळ्याच्या सालीत चुना थोडाच, त्यामुळे तोही कालवासारखाच अडचणीत येईल असं मी म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती त्याच्याही खालच्या, पाण्यात तरंगणाऱ्या जिवांची. त्यातल्या कितीतरी जिवांची कवचं चुन्याचीच आहेत.

[पुन्हा वरळी.]

भरती लागली. मावशीने डबा उचलला. मागे राहिलेल्या शिंपल्यांवर पाणी चढतंय. तरंगणारं नवं कालव बूड टेकायला जागा शोधतं, ती अशाच जुन्या शिंपल्यांवर.