माकूळ, पारा आणि हँडलचं मशीन
नमस्कार मंडळी. आज मेंदूबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर मेंदूचा अभ्यास करायचा कोणी याबद्दल. डॉक्टरने, फिजिक्सवाल्याने, का गणितवाल्याने? माझं मत आधीच सांगून टाकतो, सगळ्यांनी, आणि एकाच टेबलाशी बसून.

आपल्या मेंदूत साधारण 8,600 कोटी न्यूरॉन, म्हणजे एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या पेशी आहेत आणि एवढा पसारा जेमतेम 20 वॅटवर चालतो, दोन एलईडी बल्ब लावले तर तेवढीच वीज जाते. (आणि ते आपण मेंदू 10 टक्केच वापरतो वगैरे सांगतात ना, ते साफ खोटं आहे, मुलांना तरी सांगू नका.) पण एक न्यूरॉन निरोप पाठवतो म्हणजे नेमकं काय करतो? इथे मला माकुळाची गोष्ट सांगायचीये.

साल 1939, ऑगस्ट महिना, इंग्लंडमध्ये प्लिमथला समुद्राकाठची लॅब. केंब्रिजचे दोन शास्त्रज्ञ, अ‍ॅलन हॉजकिन 25 वर्षांचा, अँड्र्यू हक्सले 21 चा. माकूळ म्हणजे स्क्विड, त्याच्या अंगात एक मज्जातंतू, म्हणजे निरोप नेणारा न्यूरॉनचा लांब धागा, असतो जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाड, चक्क डोळ्यांनी दिसतो. हक्सलेने तो उभा टांगला आणि आतला रस किती दाट आहे ते बघायला त्यात पाऱ्याचा थेंब सोडला. थेंब खाली जाईचना! आतला रस पातळ नव्हताच, जेलीसारखा घट्ट होता. पण तंतू असा सरळ लटकलेला बघून त्यांच्या लक्षात आलं की अरे, यात वरून तार सरकवता येईल. सरकवली. आणि निरोप जाताना पेशीच्या आतलं व्होल्टेज मायनसवरून शून्यावर येऊन थांबेल असं सगळे धरून चालले होते, ते शून्य ओलांडून चांगलं प्लसमध्ये गेलं. तीनेक आठवड्यांत महायुद्ध पेटलं, काम बंद, हॉजकिन रडारवर गेला, हक्सले तोफांच्या कामावर.

युद्धानंतर दोघं परत त्याच तंतूपाशी आले आणि कोडं सुटलं. सोडियम आत येतं, मग पोटॅशियम बाहेर जातं. लक्षात ठेवा, आधी सोडियम आत, मग पोटॅशियम बाहेर. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच. एवढ्यानेच निरोप तंतूभर धावतो.

आता हे गणितात मांडायचं होतं. समीकरणं तयार झाली, 1951 साल आलं, आणि केंब्रिजचा कॉम्प्युटर दुरुस्ती-बदलासाठी सहाएक महिने बंद! मग हक्सले हाताने हँडल फिरवायचं ब्रन्सव्हिगा मशीन घेऊन बसला. पाच मिलिसेकंदांचा हिशोब करायला आठ-आठ तास. पाच मिलिसेकंद, आठ तास. धावत्या निरोपाचा पूर्ण हिशोब व्हायला तर तीनेक आठवडे लागले. बायो घेतलं की गणितापासून सुटका झाली असं जे मानतात ना, त्यांना मी नेहमी हा माणूस दाखवतो, मुलांची अशी वाटणी करणं मला अजिबात पटत नाही.

हँडल फिरवून निरोपाचा वेग आला सेकंदाला 18.8 मीटर. खऱ्या माकुळात मोजला होता 21.2. 1952 मध्ये पेपर छापून आले, 1963 मध्ये जॉन एक्लिसबरोबर दोघांना नोबेल मिळालं, आणि आजही कॉम्प्युटरवर न्यूरॉन उभा करायचा तर कितीतरी जण सुरुवात त्याच समीकरणांपासून करतात.