रुळांखालचा कातळ

वरून गाडी जातेय. खाली, रुळांच्या अलीकडच्या खड्ड्यात, सहा मीटर लांबीचा पोलादी पाइप मशीनच्या पटरीवर टेकवलाय. याला केसिंग म्हणतात. रूळ न उखडता ते पलीकडच्या खड्ड्यात निघायला हवं.

काम बिघडतं ते बहुधा इथेच, मशीन सुरू होण्याआधी. पहिला पाइप पुढच्या टोकाला 5 मिलिमीटर झुकला, की 40 मीटरवर तीच चूक 33 मिलिमीटरची होते. केसिंगमधून जाणाऱ्या सांडपाण्याच्या वाहिनीचा उतार तेवढ्यात बिघडू शकतो. म्हणून पटरीखाली काँक्रीट, मागे केसिंग पुढे ढकलणाऱ्या जॅकचा रेटा झेलणारी भिंत, आणि लेव्हल दोनदा तपासायची.

केसिंगच्या आत ऑगर फिरतो, मळसूत्रासारखा. सुटलेला माल तोच मागे आणतो. पण 600 मिलिमीटरच्या केसिंगमध्ये साधारण 200 च्या वरचा गोटा त्यात अडकतो. सलग कातळ असेल, तर ऑगरच्या पुढच्या टोकाचं दातांचं डोकं बोथट होतं. तिथे चकत्यांचं कटर लागतं: चकत्या दगडावर दाबून फिरतात आणि कपच्या उडतात.

खरी डोकेदुखी सलग कातळाची नाहीच. तळाला कातळ आणि वर मुरूम, ही जमीन सगळ्यात वाईट. कटर कठीण बाजूवरून निसटून मऊ बाजूला चढतं. त्यात कातळ फोडायला डोकं केसिंगच्या पुढे हवं आणि मुरमात ते आत हवं. पुढे ठेवलं की वरचा मुरूम ढासळत राहतो, ऑगर तो मुकाट्याने बाहेर आणतो, आणि रुळांखाली पोकळी होते.

म्हणून माल मोजायचा. 600 चं केसिंग 6 मीटर सरकलं, की जागेवरचा दगड 1.7 घनमीटर. फुटून सैल झाला की दीडपट धरा, म्हणजे अडीचच्या आसपास. ढीग चार घनमीटरचा दिसतोय? लेव्हल बरोबर असली तरी थांबायचं. रुळांची पातळी तपासायची, केसिंगला आधीच जोडलेल्या नळ्यांतून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं. रस्त्याखाली पोकळी झाली तर वरचं डांबर कधी कधी महिनोन्‌महिने तग धरतं. रूळ मात्र पुढच्याच गाडीखाली दबू शकतात.

थांबणंही फुकटात पडत नाही. सैल माल केसिंगला आवळतो, पुन्हा हलवायला जास्त रेटा लागतो. थांबण्याआधी बाहेरून बेंटोनाइट (घर्षण कमी करणारी निसरडी चिकणमाती) सोडलेलं असेल, तर पुढचा पाइप वेल्ड करून निदान जॅक लावता येतो.