गुरुवार, दुपारचे बारा

(दृश्य: कॅथेड्रलची दगडी कमान, वर्तुळात मांडलेल्या रिकाम्या लाकडी खुर्च्या, घंटेचे ठोके.)

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या कॅथेड्रलचा हा ‘प्रेषितांचा दरवाजा’ आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता काळे, सैल अंगरखे घातलेले आठ शेतकरी या कमानीखालच्या खुर्च्यांवर येऊन बसतात. हे शेतीच्या पाण्याची भांडणे सोडवणाऱ्या ‘जलन्यायालया’चे न्यायाधीश आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या पाटाच्या शेतकऱ्यांचा प्रतिनिधी आहे. त्यांच्यासमोर कागद नाही, वकील नाही, आणि त्यांच्या निकालावर अपीलही करता येत नाही.

स्पेनमध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांसाठी हा चित्रपट आहे. पुढे कधीतरी तुम्ही नागरिकत्वासाठी अर्ज कराल, तेव्हा 25 प्रश्नांची एक परीक्षा द्यावी लागेल आणि त्यांतील किमान 15 उत्तरे बरोबर यावी लागतील. त्या परीक्षेसाठी सनावळ्या जरूर पाठ करा. पण या देशाचा इतिहास समजून घेण्याची सुरुवात या कमानीखाली उभे राहून करावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य: शहराबाहेरची हिरवी शेते, त्यांमधून वाहणारा पाट.)

शहर रोमन लोकांनी इ. स. पूर्व 138 मध्ये वसवले. इ. स. 711 मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरले, आणि पुढच्या शतकांत त्यांच्यामागून आलेल्या शेतकरी कुळांनी तुरिया नदीवर बंधारे घालून हे पाटांचे जाळे विणले. पाटाला स्पॅनिशमध्ये आजही ‘अथेकिया’ म्हणतात. हा शब्द अरबी आहे. मेट्रोच्या नकाशावर ‘बेनिमाक्लेत’ हे स्थानक दिसेल. त्यातील ‘बेनि’ म्हणजे अमक्याची मुले, अमक्याचे कूळ. बाजारात संत्र्याला ‘नारांखा’ आणि साखरेला ‘अथूकार’ म्हणतात. हे दोन्ही शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आले, आणि त्यांची मुळे आपल्या ‘नारंग’ आणि ‘शर्करा’ या शब्दांत आहेत. परक्या देशातल्या भाजीबाजारात पहिल्या आठवड्यात कानांवर पडणारे हे शब्द आपल्या आधीच इथे येऊन स्थायिक झालेले आहेत.

(दृश्य: पाण्याच्या मधोमध उभी दगडी पाचर; प्रवाह दोन बाजूंना फुटतो.)

या दगडाकडे नीट पाहा. स्थानिक लोक याला ‘जीभ’ म्हणतात. पाट जिथे फुटतो, तिथे ही जीभ पाण्याचे ठरलेल्या प्रमाणात दोन भाग करते. व्हॅलेन्सियाच्या पाणीवाटपाचे सगळे तत्त्व या दगडात आहे, कारण येथे कोणालाही ठरावीक घनमीटर पाणी मिळत नाही, तर नदीत जेवढे असेल त्याचा हिस्सा मिळतो. नदी भरून वाहत असेल तर सर्वांना भरपूर मिळते आणि नदी आटली तर सर्वांचेच कमी होते. आपली पाळी नसताना दारे मोडणे, पाट साफ न ठेवणे, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडून देणे, हे येथले गुन्हे आहेत.

9 ऑक्टोबर 1238 रोजी अरागॉन या ख्रिस्ती राज्याचा राजा पहिला जाउमे याने शहर जिंकून त्यात प्रवेश केला. त्या दिवसाची सुट्टी तुम्हाला दरवर्षी मिळेल. मुख्य मशिदीच्या जागी हे कॅथेड्रल उभे राहिले. पाण्याच्या बाबतीत मात्र जिंकणाऱ्या राजाने जुनी घडी मोडली नाही: एक मोठा पाट स्वतःकडे ठेवून बाकीचे त्याने शेतकऱ्यांना दिले, आणि मुसलमानांच्या काळी जशी वहिवाट होती तशीच ती पुढे चालावी, असे लिहून दिले. ज्यांची ही वहिवाट होती त्यांच्या वंशजांना, म्हणजे पुढे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मोरिस्को लोकांना, 1609 पासून गलबतांत घालून देशाबाहेर काढण्यात आले आणि व्हॅलेन्सियाच्या राज्याची सुमारे एक तृतीयांश वस्ती गेली.

(दृश्य: बंदर, संध्याकाळ. निवेदन नाही.)

1707 मध्ये स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने व्हॅलेन्सियाचे स्वतंत्र कायदे रद्द केले, तरी हे न्यायालय टिकले. 1936 ते 1939 चे यादवी युद्ध आणि त्यानंतरची फ्रँकोची हुकूमशाही यांतूनही ते पार पडले. 1978 च्या राज्यघटनेतील 125 व्या कलमाने अशा परंपरागत न्यायालयांना मान्यता दिली, आणि 2009 मध्ये युनेस्कोने मुर्सियाच्या अशाच न्यायसभेसह त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

(दृश्य: पितळी आकडा लावलेली काठी हातात घेतलेला पुकारा करणारा.)

आता पुकारा होतो. पुकारा करणाऱ्याला ‘अल्ग्वाथिल’ म्हणतात. अरबीतल्या ‘अल्-वझीर’चे, म्हणजे आपल्या ‘वजीर’ शब्दाचे, हे स्पॅनिश रूप आहे. तो क्वार्तच्या पाटापासून सुरुवात करून एकेका पाटाचे नाव घेतो आणि कोणाविरुद्ध तक्रार आहे का ते विचारतो. तक्रार असेल तर पाटकरी पुढे येतो, आरोपी पुढे येतो, आणि अध्यक्ष पायाने खूण करून कोणी बोलायचे ते सांगतात. ज्या पाटाचे भांडण आहे त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही, आणि आरोपी नदीच्या एका तीरावरचा असेल तर निकाल दुसऱ्या तीरावरचे प्रतिनिधी सुचवतात. प्रतिनिधी शेतकऱ्यांनीच निवडलेला असतो, आणि तो स्वतः जमीन कसणारा असावा लागतो, म्हणून त्याला पाण्याच्या एका पाळीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. सगळे तोंडी चालते, आणि ते व्हॅलेन्सियन भाषेत चालते. स्पेनमध्ये स्पॅनिशखेरीज इतर भाषाही जिवंत आहेत, हे नवख्या माणसाला येथेच प्रथम ऐकू येते.

(दृश्य: नदीच्या कोरड्या पात्रातील बाग, धावणारी मुले.)

1957 च्या पुरानंतर तुरियाचे पात्र शहराबाहेर वळवले गेले आणि जुन्या पात्रात ही बाग झाली. शेते मात्र रस्ते, बंदर आणि वसाहतींखाली आक्रसत चालली आहेत, आणि ऑक्टोबर 2024 च्या पुराने व्हॅलेन्सिया प्रांतात, मुख्यतः शहराच्या दक्षिणेकडील गावांत, दोनशेहून अधिक बळी घेतले.

(दृश्य: पुन्हा कमान.)

आज आठही नावे पुकारली गेली आणि एकही तक्रार पुढे आली नाही. असे अनेक गुरुवारी होते. आठ जण उठतात. बैठक सर्वांसाठी खुली असते, तिला तिकीट नाही, आणि पावणेबाराला पोहोचलात तर पुढच्या रांगेत जागा मिळते.

(दृश्य: पाटाचे दार उघडते; पाणी सरीत शिरते.)